रात्री दोनला फोन कोणाला लावायचा?

चार वर्षांपूर्वीची दिवाळीच्या आसपासची गोष्ट आहे. रात्रीचे दोन वाजलेले, आत्याच्या घरात पुढच्या खोलीत आम्ही सात-आठ जण नुसते उभे, आणि माझा आतेभाऊ, दादा म्हणतो मी त्याला, खिडकीचा पडदा घट्ट धरून बसलेला, कारण बाहेर आपल्याला न्यायला माणसं आलीत असं त्याला पक्कं वाटत होतं. पाच रात्री झोप नव्हती त्याला. पाण्यात कोणीतरी काहीतरी टाकतंय म्हणून दोन दिवस पाणीपण नीट प्यायला नव्हता. काका म्हणाले सकाळी देवऋषाकडे नेऊ, मामा म्हणाले नजर लागलीय, वहिनी रडत होती, आणि मी, घरातला शिकलेला वगैरे, हातात मोबाईल घेऊन नुसता बघत बसलो होतो कारण फोन कोणाला लावायचा हेच माहीत नव्हतं. हार्ट अटॅक आला असता तर शेंबड्या पोराने पण १०८ लावला असता.

त्या रात्री जे माहीत नव्हतं आणि नंतर धक्के खात खात कळलं ते सगळं इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, घरातला माणूस आहे, त्या नजरेनेच वाचा.

आधी एक. हे तुम्ही स्वतःसाठी वाचत असाल, म्हणजे आत्ता तुमच्याच मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर बाकीचं नंतर वाचा. १४४१६ ला फोन लावा, किंवा शेजारच्या खोलीत जो कोण झोपलाय त्याला उठवा आणि सांगा की मला एकटं राहायची भीती वाटतेय, बस एवढंच, पुढचं काही समजावून सांगायची गरज नाही. आणि हाताने काही करून घेतलं असेल, काही पोटात गेलं असेल, तर फोनवर बोलत बसायचं नाही, सरळ १०८ नाहीतर रिक्षा आणि जवळचं हॉस्पिटल.

आता १४४१६ म्हणजे काय ते. ही टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, बेंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, तिच्या डोक्यावर आहे आणि प्रत्येक राज्यात तिची सेंटर्स आहेत. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. फोन लावला की आधी रेकॉर्डेड आवाज भाषा निवडायला सांगतो, मग ट्रेनिंग घेतलेला काउन्सेलर लाईनवर येतो, आणि प्रकरण त्याच्या हाताबाहेरचं वाटलं तर तो वरच्या टप्प्यावर, म्हणजे सायकियाट्रिस्ट किंवा तुमच्या जिल्ह्याच्या यंत्रणेकडे पाठवतो. आणि फोन पेशंटनेच करायला पाहिजे असं अजिबात नाही. भाऊ, बायको, शेजारी, हॉस्टेलचा रूममेट, कोणीही करू शकतो. मला हे माहीत असतं तर मी तेव्हाच अंगणात जाऊन फोन लावला असता, की माणूस समोर बसलाय, पाच रात्री झोपला नाहीये, मला भ्यायला झालंय, काय करू.

पण हेल्पलाईनकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही ते आधी समजून घ्या नाहीतर पदरी नुसता राग पडतो. फोनवरचा माणूस दार ठोठावून आत येणार नाही, कर्ज फेडणार नाही, नवरा सुधारून देणार नाही. तो ऐकतो, हा विचार किती पुढे गेलाय ते विचारतो, आजची रात्र कशी काढायची ते तुमच्यासोबत ठरवतो आणि उद्या कुठे जायचं ते सांगतो. पहिल्या फोनला समोरचा माणूस जमला नाही, कोरडा वाटला, लाईन लागली नाही, असं होतं, परत लावा, नाहीतर दुसरा नंबर लावा. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही हेल्पलाईन आहे, पुण्यात खास आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणारी कनेक्टिंग ही संस्था आहे. यांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि नंबर मधेमधे बदलतात, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या यादीवर विसंबू नका, संस्थेच्या स्वतःच्या साईटवरून घ्या. अजून काही सरकारी नंबर फोनमध्ये सेव्ह असू द्या, लहान मुलांसाठी १०९८, घरात मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी १८१, म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, आणि आपल्या राज्यात आरोग्याच्या सल्ल्याचा १०४, ज्याच्यावर शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प पण चालतो. पोरगं किंवा पोरगी अमेरिकेत असेल तर तिथे ९८८ आहे, त्यांना आजच सांगून ठेवा, तिकडे रात्र असते तेव्हा आपण ऑफिसात असतो.

फोन लागेपर्यंत, गाडी येईपर्यंत, समोरच्या माणसाशी बोलायचं काय हा खरा प्रश्न. आम्ही त्या रात्री जे जे करू नये ते सगळं केलं. काका दादाला सांगत होते की अरे बाहेर कोणी नाहीये, ये दाखवतो, आणि त्याला हाताला धरून दाराशी ओढत होते. तो अजून घाबरला. ज्याला खरंच वाटतंय की बाहेर माणसं आहेत त्याच्याशी वाद घालून ती माणसं जात नाहीत, उलट तुम्हीपण त्यांना सामील आहात असं त्याला वाटायला लागतं. हो ला हो पण करायचं नाही, की हो रे बाबा मलापण दिसतायत. मधली वाट आहे ती नंतर एका नर्सबाईंनी सांगितली, की मला ते दिसत नाहीये पण तू किती घाबरलायस ते दिसतंय, मी इथेच बसतो. खोलीत एक-दोनच माणसं, बाकीच्यांनी बाहेर, टीव्ही बंद, आवाज खाली. दाराच्या मधोमध उभं राहायचं नाही, त्याला कोंडल्यासारखं वाटतं. आणि रात्री दोनला सात नातेवाईक भोवती उभे असतील तर ठणठणीत माणूस पण घाबरेल.

जिथे प्रश्न भासाचा नसून जीव द्यायच्या विचाराचा आहे तिथे अजून एक घोटाळा असतो. आपण विचारतच नाही. आपल्याला वाटतं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला किडा आपण घालू. असं होत नाही, हे पुन्हा पुन्हा तपासून बघितलेलं आहे, सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं की शेवटी कोणीतरी नाव घेतलं बुवा. त्यामुळे आडून आडून नाही, सरळ, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’ हो म्हणाला तर किंचाळायचं नाही. कधीपासून, आत्ता येतायत का, काही ठरवलंयस का, हे शांतपणे विचारायचं, आणि ठरवलंय म्हणाला तर त्याला एक मिनिट पण एकटं सोडायचं नाही, बाथरूमला गेला तरी कडी न लावता. ‘पोरांचा तरी विचार कर’, ‘आम्ही काय कमी केलं तुला’, ‘लोक काय म्हणतील’ ही वाक्यं गिळून टाका. मला माहितीये प्रेमानेच येतात तोंडात, पण त्या माणसाला आधीच वाटत असतं की आपण सगळ्यांवर ओझं आहोत, त्यात ही वाक्यं अजून भर घालतात. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचनपण देऊ नका, मोडावं लागतं.

आणि घरातल्या वस्तू. हे सगळ्यात सोपं काम आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. हा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो, तासा-दोन तासात जोर ओसरतो, आणि त्या तासाभरात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, इतकं साधं आहे ते. म्हणून फवारणीची औषधं घरात ठेवूच नका, वस्तीपासून लांब, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. घरातल्या गोळ्या, अगदी आजीच्या बीपीच्यासुद्धा, एका डब्यात घालून शेजाऱ्यांकडे. हे करताना त्याला गुपचूप वाटू देऊ नका, सांगा, की आठ दिवस हे इथून हलवतोय, तू बरा झालास की परत आणू. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, म्हणजे लोकांची दुःखं संपली होती असं नाही, फक्त हाताशी असलेली वस्तू बदलली होती.

आता हॉस्पिटल. आमच्या त्या रात्रीचा सगळ्यात वाईट भाग इथे आहे. साडेतीनला आम्ही दादाला कसाबसा गाडीत बसवून तालुक्याच्या एका खाजगी हॉस्पिटलला नेलं, आणि ड्युटीवरचा डॉक्टर लांबूनच म्हणाला की मेंटल केस आम्ही घेत नाही, आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही. आम्ही मान खाली घालून परत गाडीत. त्यांचंच बरोबर असेल असं वाटलं आम्हाला! नंतर कळलं की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या कलम ९४ मध्ये लिहिलंय की माणसाच्या जिवाला किंवा त्याच्यापासून दुसऱ्याला गंभीर धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे सायकियाट्रिस्टच पाहिजे असं नाही, ७२ तासांपर्यंत इमर्जन्सी उपचार देऊ शकतो, नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणारा माणूस, हजर असेल तर त्याची संमती घेऊन, आणि तेवढ्या वेळात पेशंटला योग्य ठिकाणी तपासणीला पोहोचवायचं. त्या डॉक्टरला शांत करायचं एक इंजेक्शन देता आलं असतं, शुगर बघता आली असती, १०८ बोलावता आली असती. सुप्रीम कोर्टाने तर १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय की जिवावरचा पेशंट आला की आधी उपचार, कागद आणि पोलीस नंतर. मी हे भांडायला सांगत नाहीये, रात्री चारला कॅज्युअल्टीच्या दारात कायद्याची कलमं म्हणून दाखवल्याने कोणी खूश होत नाही, पण ‘निदान तपासा, प्रायमरी ट्रीटमेंट द्या आणि रेफर लेटर द्या’ एवढं ठामपणे म्हणता येतं, आणि बऱ्याचदा तेवढ्याने हालचाल होते.

मग जायचं कुठे? साधं उत्तर, सिव्हिल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथूनच चालतो, आणि रात्री ओपीडी बंद असली तरी कॅज्युअल्टी चालू असते. सरकारी किंवा पालिकेचं मेडिकल कॉलेज जवळ असेल तर अजून चांगलं, ससून, केईएम, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी, अशा ठिकाणी मानसोपचाराचा वेगळा विभाग असतो. गोव्यात असाल तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आणि तिथेच मानसोपचाराची वेगळी सरकारी संस्था आहे.

मनोरुग्णालय हा शब्द मुद्दाम नंतर घेतला. आपल्याकडे मोठी सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आणि प्रत्येक भागात शिवी पण त्याच गावाच्या नावाने, पुण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’, मुंबईत ‘ठाण्याला भरती करा’. लहानपणी आपण सगळ्यांनी हा जोक केलेला आहे, मीपण, आणि मग घरात वेळ आली की तोच जोक आडवा येतो, आत्या शेवटपर्यंत म्हणत होती काही पण करा पण तिथे नको. खरं म्हणजे बहुतेक पेशंटना तिथे जावं लागतच नाही, साध्या हॉस्पिटलात थोडे दिवस नाहीतर नुसत्या ओपीडीवर काम भागतं. आणि जावं लागलं तरी एकदा टाकलं की संपलं असा तो कायदा आता नाहीये. माणूस स्वतःच्या सहीने भरती होऊ शकतो. स्वतः निर्णय घ्यायच्या अवस्थेत नसेल तर त्याचा नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे त्याने आधी लेखी नेमलेला माणूस आणि नसेल नेमला तर घरातला, अर्ज करतो, दोन तज्ज्ञ वेगवेगळं तपासतात, त्यातला एक सायकियाट्रिस्ट असावाच लागतो, आणि ती भरती ३० दिवसांची असते, पुढे वाढवायची तर परत तपासणी आणि त्याच कायद्याने नेमलेल्या रिव्ह्यू बोर्डाची परवानगी. साखळीने बांधायला पूर्ण बंदी. भूल न देता शॉक द्यायला बंदी. ही बंदी उगाच आलेली नाही, ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळता न आल्याने गेले.

त्यावरून देवऋषी, अंगारा, दर्गा. मी यावर आधी खूप तावातावाने बोलायचो, आता नाही बोलत. आत्याने त्या रात्री दादाच्या कपाळाला अंगारा लावला आणि त्यामुळेच तो गाडीत बसायला तयार झाला, हे मी डोळ्याने बघितलंय. लावा अंगारा, नवस बोला, फक्त गाडी थांबवू नका. पण भूत उतरवतो म्हणून मारहाण, चटके, उपाशी ठेवणं हे चालू झालं तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, तिथे श्रद्धेचा मुद्दाच संपतो.

एक गोष्ट घरच्यांच्या कधी लक्षातच येत नाही ती म्हणजे प्रत्येक वेळी हे मनाचंच असतं असं नाही. आजोबा कालपर्यंत बरे होते आणि आज रात्री अचानक बरळायला लागले, माणसं ओळखेनात, जुन्या माणसांच्या भाषेत वात झाला, तर तो वेडाचा नाही, शरीराचा झटका असायची शक्यता जास्त, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी, शुगर कमी, डोक्याला मार, नवीन सुरू केलेली गोळी. त्यांना सायकियाट्रिस्टकडे नाही, आधी फिजिशियनकडे न्या, आणि त्याच रात्री. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांनी हात थरथरायला लागले, घाम फुटला, भिंतीवर किडे दिसायला लागले तर ‘बघा, दारूने वेडा केला’ म्हणत खोलीत कोंडू नका, ते दारू सुटतानाचं गंभीर दुखणं आहे, जीव जातो त्यात, ॲडमिटच करावं लागतं. बाळंतिणीचं तसंच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिला झोप लागेना, बाळाबद्दल काहीतरी भलतंसलतं बोलायला लागली, आवाज ऐकू यायला लागले, तर ती इमर्जन्सी आहे, ‘पहिलटकरीण आहे, होतं असं’ म्हणून आठवडा काढायचा नाही, बाळ दुसऱ्याकडे द्या आणि तिला न्या. उपचाराने बायका यातून छान बाहेर येतात. आणि छातीत धडधड, श्वास लागेना, मरणार असं वाटतं, मग दहा मिनिटांत कळस आणि अर्ध्या तासात उतार, तो पॅनिक अटॅक असू शकतो, पण पहिल्यांदा होतंय तर ईसीजी काढूनच खात्री करा, घरबसल्या निदान नको.

पोलीस या शब्दाला सगळे घाबरतात म्हणून थोडं त्यावर. पूर्वी ३०९ कलम होतं, जीव द्यायचा प्रयत्न केला की गुन्हा, म्हणून लोक खोटं सांगायचे, चुकून प्यायला, पाय घसरला, आणि डॉक्टरला खरं काय झालंय तेच कळायचं नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं की असा माणूस प्रचंड तणावाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ते जुनं कलम राहिलंच नाही, फक्त सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला असा प्रयत्न करण्याबद्दल वेगळं कलम २२६ आहे. हॉस्पिटलवाले अजूनही एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवतात, जबाब घेतला जातो, तो कागदाचा भाग आहे, त्याला घाबरून हॉस्पिटल टाळू नका आणि डॉक्टरपासून काही लपवू नका, काय घेतलं, किती वाजता, पाकीट असेल तर सोबत न्या.

समोरचा माणूस हातात काही घेऊन अंगावर धावत असेल, कोणाला इजा होईल असं वाटत असेल, तर ११२ लावावा लागतो, त्यात लाज नाही. फोनवर पहिलं वाक्य हे असू द्या, की माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही, हातात अमुक आहे, याआधी ट्रीटमेंट चालू होती किंवा नव्हती. रस्त्यावर भरकटलेला माणूस पोलिसांनी ताब्यात घेतला तर कायद्याने त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यावंच लागतं.

दादाचं सांगायचं राहिलं. पहाटे साडेपाचला आम्ही सरकारी मोठ्या दवाखान्यात पोहोचलो, केसपेपर काढला, आणि तिथल्या झोपाळलेल्या रेसिडेंट पोरीने दहा मिनिटांत जे विचारलं ते आमच्या डोक्यातपण नव्हतं. झोप कधीपासून नाही, घरात आधी कोणाला असं झालं होतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, काही पितो का, डोक्याला मार लागला होता का, जीव द्यायचं बोलला का. आम्ही सात जण एकदम सात उत्तरं देत होतो. शेवटी तिने हात वर केला आणि म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही एकट्या सांगा.’ त्यामुळे माझं ऐका, जाताना गाडीत एका कागदावर तारखा लिहून काढा, आधीची प्रिस्क्रिप्शनं पिशवीत टाका, आधार कार्ड घ्या, आणि बोलणारा माणूस एकच ठरवा. इंजेक्शन दिल्यावर दादा चौदा तास झोपला. वहिनीपण त्याच बाकड्यावर झोपली.

पुढे कोणाकडे जायचं यात पण लोक गोंधळतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकार शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाही, थेरपी आणि टेस्ट करतो, त्याचं आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असायला लागतं, विचारा बिनधास्त. काउन्सेलर हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लिहितो, आठवड्याचा ऑनलाईन कोर्स केलेले पण, म्हणून शिक्षण विचारा. भास होतायत, झोप उडालीय, जिवाचा धोका आहे, अशा वेळी आधी सायकियाट्रिस्टच, बोलणं-बिलणं माणूस थोडा खाली आल्यावर. डिप्रेशनच्या गोळ्यांना असर दाखवायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी सहा पण लागतात, त्यामुळे आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद तर अजिबातच करू नका, आमच्याकडे तेच झालं होतं आणि जानेवारीत दुसरी फेरी झाली. पैशाचं म्हणाल तर सरकारीमध्ये नगण्य खर्च येतो, आणि मेडिक्लेम असेल तर त्याच २०१७ च्या कायद्यात लिहिलंय की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं, त्यामुळे एजंट ‘यात मेंटल येत नाही’ म्हणाला तर लेखी मागा.

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. हॉस्पिटलात असतो तोपर्यंत सगळे भेटायला येतात, सफरचंदं आणतात, आणि डिस्चार्ज झाला की सगळ्यांना वाटतं झालं, आणि नेमकं तेव्हाच माणूस एकटा पडतो. पुढची अपॉइंटमेंट डिस्चार्जच्या दिवशीच घ्या, आठवड्याच्या आतली. आणि एक कागद बनवा, ही कल्पना स्टॅनली आणि ब्राऊन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची आहे, पेशंट शांत असताना त्याच्याच शब्दांत लिहायचा. मला बिघडायला लागलंय हे मला कशावरून कळतं (दादाने लिहिलं, चहा कडू लागायला लागतो आणि पहाटे तीनला जाग येते). तेव्हा मी एकटा काय करू शकतो. कुठे जाऊन बसलं की मन वळतं, कोणाला फोन लावायचा आणि तो नाही उचलला तर कोणाला, डॉक्टरचा नंबर, १४४१६, आणि घरातली कुठली वस्तू कोणाच्या ताब्यात. आमचा कागद फ्रीजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लावलेला आहे. पाहुणे वाचतात, वाचू देत.

त्याच कायद्यात अजून एक सोय आहे जी फारच कमी जणांना माहितीये. बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुन्हा मला असं झालं तर मला कुठले उपचार चालतील, कुठले नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. दादाने माझं नाव नाही लिहिलं, वहिनीचं पण नाही, त्याच्या शाळेतल्या मित्राचं लिहिलं. मला आधी लागलं ते. मग वाटलं बरोबर आहे त्याचं, त्या रात्री आम्ही सगळे एकदम बोलत होतो.

आणि सांभाळणाऱ्यांचं काय? वहिनी सहा महिने नीट झोपली नव्हती हे कोणी विचारलंच नाही तिला. अशा घरच्यांसाठी गट असतात, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, साताऱ्यात परिवर्तन, ठाण्यात आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे आणि तिथे बायकोसाठी, आईवडिलांसाठी पण काम चालतं. वहिनी पहिल्यांदा अशा एका गटात गेली तेव्हा मी बाहेर गाडीत थांबलो होतो, तासाचं म्हणाले होते, ती अडीच तासांनी आली. मी विचारलं काय झालं एवढं. म्हणाली, ‘अरे तिथल्या एका काकूंचा नवरापण पडदे धरून बसायचा.’ आणि हसायला लागली, मग वाटेत भेळ खाल्ली आम्ही, दादासाठी कमी तिखट बांधून घेतली.